सम्राटाला तोंडावर सुनावणारे अधिकारी: मोठेपण कोणाचं?

माळरान (धागाकर्ता)

मंडळी, सध्या चीनच्या थांग राजवटीवर वाचन चालू आहे आणि एका जोडीने मनाची पकड घेतली आहे: सम्राट ताइचुंग (राज्यकाळ इ.स. ६२६ ते ६४९) आणि त्याचा मंत्री वेइ चंग (५८० ते ६४३).

वेइ चंग मूळचा विरुद्ध पक्षातला. ताइचुंगचा थोरला भाऊ युवराज होता आणि वेइ चंग त्याच्या पदरी होता. 'धाकट्याचा वेळीच काटा काढा' असं तो युवराजाला सांगत असे. घडलं उलटं. ६२६ साली राजवाड्याच्या शुआनवू दरवाजापाशी धाकट्यानेच थोरल्याला ठार केलं आणि सत्ता हातात घेतली. मग वेइ चंगला समोर उभं करून विचारलं, 'आम्हा भावाभावांत तू तेढ का लावलीस?' वेइ चंग म्हणाला, 'युवराजांनी माझं ऐकलं असतं तर आज त्यांच्यावर ही वेळ आली नसती.' दरबाऱ्यांना वाटलं, संपला हा. ताइचुंगने त्याला नोकरीवर ठेवून घेतलं. पुढच्या सतरा वर्षांत या माणसाने सम्राटाच्या दोनशेहून अधिक चुका त्याला तोंडावर दाखवल्या.

ससाण्याची गोष्ट तर फारच प्रसिद्ध आहे. ताइचुंग हातावर ससाणा घेऊन खेळवत होता, तेवढ्यात वेइ चंग येताना दिसला. राज्य सोडून हे काय चाललंय असं तो म्हणेल या धास्तीने सम्राटाने पाखरू अंगरख्यात दडवलं. वेइ चंगने ते पाहिलं होतं. त्याने कामाचं बोलणं लांबवत नेलं. तो गेला तोवर ससाणा गुदमरून मेला होता.

माझा प्रश्न: या जोडीत मोठेपण कोणाचं? बोलणाऱ्याचं की ऐकून घेणाऱ्याचं? माझं मत वेइ चंगच्या बाजूने आहे. समोरचा ऐकणार की मान उडवणार हे माहीत नसताना तो बोलला. तुम्हाला काय वाटतं?

चिंतामणी_

सुंदर विषय. पण मी उलट बाजूने. बोलणारे चीनमध्ये प्रत्येक काळात सापडतात. शांग घराण्याचा शेवटचा राजा चोउ याला त्याचा काका बी कान समजवायला गेला. राजा म्हणाला, 'संतांच्या हृदयाला सात छिद्रं असतात म्हणे, बघूया,' आणि त्याची छाती फाडली. बी कानचं धैर्य वेइ चंगपेक्षा तसूभर कमी नव्हतं. फरक पडला तो समोर बसलेल्या माणसामुळे. ताइचुंगसारखा ऐकणारा सापडणं दुर्मीळ, म्हणून मोठेपण त्याचं.

निशिगंध

या चर्चेत तिसरं नाव यायलाच हवं: सम्राज्ञी चांगसुन. एकदा ताइचुंग दरबारातून संतापून अंतःपुरात आला. 'त्या गावंढळ म्हाताऱ्याला मी एक दिवस मारून टाकणार!' कोणाला, तर वेइ चंगला. 'भर दरबारात माझा अपमान करतो.' सम्राज्ञी काही न बोलता आत गेली आणि दरबारी समारंभाचा पोशाख घालून अंगणात येऊन उभी राहिली. हे काय म्हणून त्याने विचारलं. ती म्हणाली, 'राजा विवेकी असेल तरच मंत्री सरळ बोलतो असं ऐकलंय. वेइ चंग इतका सरळ बोलतो म्हणजे आपण विवेकी आहात. मी अभिनंदन करायला आले आहे.'

त्या दिवशी वेइ चंगचा जीव कोणी वाचवला, हे विचारात घ्या. ती ६३६ साली वारली, अवघ्या पस्तिशीत. जाण्यापूर्वीही तिने नवऱ्याला हेच सांगितलं की प्रामाणिक माणसांचं ऐका आणि माझ्या माहेरच्यांना मोठी पदं देऊ नका.

रानजाई

निशिगंध, हा प्रसंग माहीत नव्हता. फार आवडला. वाचतेय, लिहीत राहा सगळे.

घाटवाट

नोकरीचं सगळं आयुष्य शासकीय फायलींत गेलं, त्यामुळे माझं लक्ष माणसांपेक्षा व्यवस्थेकडे जातं.

थांग दरबारात राजाला त्याची चूक दाखवणं हे रीतसर पद होतं. पगारी, दर्जा ठरलेलं. चिनी शासनात एक खातं अधिकाऱ्यांवर नजर ठेवी: लाच, हयगय, अन्याय. आणि हे दुसरे अधिकारी नजर ठेवत ती थेट सम्राटावर. ताइचुंगने सुरुवातीलाच नियम केला की मोठे मंत्री राज्यकारभाराच्या चर्चेला आत येतील तेव्हा चूक दाखवणारा अधिकारीही सोबत हजर असेल. म्हणजे निर्णय झाल्यावर ओरडण्यापेक्षा निर्णय होतानाच बोला.

शिवाय हुकुमाचा कागद सम्राटाच्या मुखातून निघाला की लगेच अंमलात येत नसे. मधल्या खात्याची सही लागे आणि ते खातं कागद परत पाठवू शके. याचा सर्वोत्तम दाखला वेइ चंगचाच आहे. सैन्यभरतीचं वय भरलं नसलं तरी अंगापिंडाने थोराड पोरं उचलावीत, असा हुकूम निघाला. वेइ चंगने सही करायला नकार दिला. हुकूम पुन्हा आला, पुन्हा नकार. असं चार वेळा झालं. ताइचुंग भडकला: 'ही पोरं वय लपवताहेत, तू कशाला अडून बसलास?' वेइ चंगने हिशेबच मांडला. आपण म्हणता मी विश्वासाने राज्य करीन. गादीवर येऊन थोडेच दिवस झालेत आणि इतक्यात कितीदा शब्द मोडलात? करमाफी जाहीर केली आणि नंतर वसुली सुरू ठेवली. रोजच्या कारभारात ज्या लोकांवर भरवसा ठेवता, त्यांच्यावर भरतीच्या वेळीच खोटेपणाचा संशय का? सम्राटाने हुकूम मागे घेतला.

टिपणीत विरुद्ध मत लिहिणारा कनिष्ठ आणि त्यावर शेरा मारणारा वरिष्ठ हे नातं मी जवळून पाहिलं आहे. विरुद्ध मताला कागदावर जागा असली की भित्रा माणूसही थोडं बोलतो. जागाच नसेल तर शूर माणूससुद्धा एकदाच बोलतो. तेव्हा माझं उत्तर: मोठेपण त्या रचनेचं.

सांजवारा

घाटवाट, प्रतिसाद उत्तम, पण एका मुद्द्यावर असहमत. रचना राजाच्या मर्जीवर चालते. तीच खाती, तीच पदं वाईट राजाच्या काळातही होतीच की.

आणि रचना नसतानाही लोक बोललेच. थांगच्या कितीतरी आधी, चौ घराण्याचा राजा ली. लोक त्याला नावं ठेवत, म्हणून त्याने एका मांत्रिकाला हेरगिरीवर बसवलं. मांत्रिक बोट दाखवेल तो मेला. लोक इतके घाबरले की रस्त्यात भेटले तर नुसते डोळ्यांनी बोलत. राजा खूश: 'बघा, मी टीका बंद करून दाखवली.' तेव्हा शाओच्या सरदाराने त्याला सांगितलं की लोकांचं तोंड बंद करणं हे नदीला बांध घालण्यापेक्षा भयंकर आहे, पाणी तुंबून फुटलं की जास्त माणसं मरतात. राजाने ऐकलं नाही. तीन वर्षांनी लोक उठले आणि त्याला पळून जावं लागलं. इ.स.पू. ८४१. चीनच्या इतिहासात सलग, वर्षवार नोंदी इथूनच सुरू होतात.

याचा पुढचा भाग लोक सांगत नाहीत. राजपुत्र शाओच्या सरदाराच्याच घरी लपला होता आणि चिडलेला जमाव त्याला मारायला तिथे आला. या सरदाराने राजपुत्राच्या जागी स्वतःचा मुलगा जमावाच्या हवाली केला. ज्या राजाने त्याचं ऐकलं नाही त्याच्या मुलासाठी. हे वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

पोपटपंची

वातावरण जड झालं, म्हणून एक हलका किस्सा. छू राज्याचा राजा च्वांग, इ.स.पू. सातवं-सहावं शतक. त्याचा एक लाडका घोडा होता. अंगावर भरजरी झूल, खायला खजूर. खाऊन खाऊन इतका लठ्ठ झाला की मेला. राजा म्हणाला, मोठ्या सरदाराच्या इतमामाने याला पुरा, आणि जो विरोध करेल त्याला देहदंड.

सगळे गप्प. दरबारातला विदूषक यौ मंग मात्र आकाशाकडे तोंड करून भोकाड पसरत आत आला. 'महाराज, सरदाराचा इतमाम फार कमी! राजाचा द्या! कोरीव जेडची शवपेटी करा, सैनिकांना खड्डा खणू द्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना माती वाहू द्या. मग सगळ्या राज्यांना कळेल की आपल्याला माणसापेक्षा घोडा मोठा वाटतो.'

राजाच्या डोक्यात उजेड पडला. 'मग काय करू?' 'गुराला पुरतात तसं पुरा. चूल ही बाहेरची पेटी, हंडा ही आतली. आलं घाला, चांगला शिजवा आणि माणसांच्या पोटात पुरा.' घोडा मुदपाकखान्यात गेला. :)

रानजाई

हाहाहा! यौ मंग झिंदाबाद!

चिंतामणी_

पोपटपंची, किस्सा फर्मास आणि मुद्द्याचाही. कसं बोलावं हे चिनी लोकांनी फार बारकाईने अभ्यासलं होतं. हान फेइ या विचारवंताने तर 'राजाला पटवण्याच्या अडचणी' असं स्वतंत्र प्रकरणच लिहिलं. तो म्हणतो, ड्रॅगन माणसाळला की त्याच्यावर बसताही येतं. पण त्याच्या गळ्याखाली उलटे खवले असतात. त्यांना हात लागला की तो मारतोच. प्रत्येक राजाला असे उलटे खवले असतात. हे सगळं जाणणारा हान फेइ स्वतः मात्र छिन राज्याच्या तुरुंगात विष पिऊन मेला, इ.स.पू. २३३.

कोतवाल

आपल्याकडचे रामशास्त्री प्रभुणे या सगळ्यांच्या पंक्तीत बसतात. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडलं. महाभारतातला विदुरही आहेच.

घाटवाट

कोतवाल, रामशास्त्र्यांबद्दल आदर आहेच. पण त्यांनी दिला तो न्यायाधीशाचा निवाडा, घडून गेलेल्या गुन्ह्यावरचा. इथे चर्चा आहे ती चूक घडण्याआधी अडवणाऱ्यांची. त्या अर्थाने विदुर जास्त जवळचा. पण आज चीनमध्येच राहूया, तिकडची माणसं आपल्याकडे कमी माहीत आहेत.

खाडीपलीकडे

कामानिमित्त हांगचौमध्ये राहतो. इथली एक व्यक्ती अजून आली नाही: वू त्सशू.

मूळचा छू राज्याचा. त्याचे वडील राजाला सरळ सांगायला गेले आणि थोरल्या मुलासकट मारले गेले. हा पळून वू राज्यात आला आणि त्या राज्याला त्याने बलाढ्य केलं. वूचा राजा फूचाय याने युए राज्याचा पराभव करून तिथल्या राजाला जीवदान दिलं. वू त्सशू वारंवार सांगत राहिला की हा माणूस उलटेल, याला सोडू नका. राजाला ते ऐकवेना. इ.स.पू. ४८४ मध्ये राजाने त्याला तलवार पाठवली, म्हणजे स्वतःला संपव. मरताना तो म्हणाला, 'माझे डोळे काढून नगराच्या पूर्व वेशीवर टांगा. युएचं सैन्य आत येताना मला बघायचंय.' राजाने चिडून त्याचं प्रेत कातड्याच्या पिशवीत घालून नदीत फेकलं. इ.स.पू. ४७३ मध्ये युएने वू जिंकलं. 'वू त्सशूला कोणत्या तोंडाने भेटू' म्हणत फूचायने चेहरा झाकून घेतला आणि जीव दिला.

हांगचौजवळ छ्येनथांग नदीत समुद्राची प्रचंड लाट उलटी वर चढते. शरदात ती बघायला ही गर्दी लोटते. जुने लोक मानत की ती वू त्सशूच्या संतापाची लाट आहे. इथल्या वू टेकडीवर त्याचं देऊळ आहे. वूची जुनी राजधानी सूचौ, तिथल्या एका वेशीला आजही त्याचं नाव आहे. तिकडे ड्रॅगन होड्यांच्या सणाला, चिनी पाचव्या महिन्याच्या पंचमीला, लोक त्याची आठवण काढतात. बाकी चीनमध्ये तो सण च्यू युआनचा. तोही राजाने न ऐकलेला, हद्दपार झालेला आणि शेवटी मीलो नदीत उडी घेतलेला कवी-मंत्री. पानात बांधून उकडलेल्या चिकट भाताच्या पुड्या घरोघरी होतात. माझ्या शेजारच्या आजी दरवर्षी डबा भरून देतात.

अडीच हजार वर्षांनी लोक त्याच्या नावाने सण करतात. फूचायच्या नावाने कोणी करत नाही.

निशिगंध

खाडीपलीकडे, अंगावर काटा आला. पण मला या कथांत घरच्यांचं काय झालं हा प्रश्न सतत पडतो. वडिलांच्या सरळ बोलण्यापायी थोरला भाऊ मेला, धाकटा परागंदा झाला. त्यांना कोणी विचारलं होतं?

हे एक उदाहरण बघा, मिंग काळातला अधिकारी हाय रुइ. १५६६ साली त्याने च्याचिंग सम्राटाला पत्र लिहिलं. सम्राट अमरत्वाच्या औषधांमागे लागून वर्षानुवर्षं दरबारात फिरकत नव्हता. पत्र देण्याआधी हाय रुइने स्वतःसाठी शवपेटी विकत घेतली, बायकामुलांचा निरोप घेतला. सम्राट ओरडला, 'पकडा, पळू देऊ नका!' जवळचा सेवक म्हणाला, 'तो पळणार नाही, शवपेटी घेऊन बसलाय.' सम्राटाने पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि म्हणाला, 'हा बी कान असेल, पण मी चोउ नाही.' तरी तुरुंगात टाकलंच. सम्राट वारला म्हणून हाय रुइ सुटला.

धैर्याला मी मनापासून मानते. पण त्या निरोपाच्या क्षणी दाराशी उभ्या असलेल्या बाईचं नावही आपल्याला सांगत नाहीत, हे मला टोचतं.

सांजवारा

निशिगंध, रास्त आहे. म्हणूनच जुन्या चिनी ग्रंथांत मरणं हा एकमेव मार्ग सांगितलेला नाही. विधींच्या ग्रंथात स्पष्ट म्हटलंय: मंत्र्याने तीनदा सांगावं, ऐकलं नाही तर निघून जावं. मुलाने आईबापांना तीनदा सांगावं, ऐकलं नाही तर रडत त्यांच्या मागे जावं. नोकरी सोडता येते, नातं सोडता येत नाही.

चिंतामणींनी सांगितलेल्या बी कानच्या वेळी आणखी दोघे होते. राजाचा भाऊ वेइत्स निघून गेला. राजाचा नातलग चीत्स वेडाचं सोंग घेऊन गुलामासारखा राहिला. बी कान बोलत राहिला आणि मेला. कन्फ्यूशियस म्हणतो, शांगकडे तीन थोर माणसं होती. तिघंही! मला हे फार मोलाचं वाटतं.

कोतवाल

पळून जाणारा आणि छाती फाडून घेणारा सारखे? पटत नाही बुवा.

सांजवारा

कन्फ्यूशियसशी भांडा. :)

लाटांचा_गाव

भारताशी संबंध असलेली एक कथा. सन ८१९. थांग सम्राट श्येनचुंगने फामेन मंदिरातलं बुद्धाचं बोट, म्हणजे अस्थी, राजधानीत मिरवत आणायचं ठरवलं. लोक वेडे झाले, घरदार दान करू लागले, अंग भाजून घेऊ लागले. हान यू या मोठ्या लेखकाने सम्राटाला लिहिलं की हे हाड पाण्यात किंवा आगीत टाका, बुद्धात शक्ती असेल तर शाप मला लागू दे. वर असंही सुचवलं की बुद्धाला भजणारे राजे अल्पायुषी ठरले. बौद्ध परंपरेबद्दल त्याने लिहिलेलं मला अजिबात मान्य नाही. पण सम्राटाला आयुष्याबद्दल असं लिहिणं! मृत्युदंड होणार होता, मंत्र्यांनी रदबदली केली, दक्षिणेला चाओचौला हद्दपारीवर निभावलं. तिथे त्याने नदीतल्या मगरींना जाहीर पत्र लिहिलं की सात दिवसांत समुद्रात चालते व्हा.

१९८७ मध्ये फामेन मंदिराच्या पडलेल्या स्तूपाखालच्या तळघरात ती अस्थी मिळाली.

पोपटपंची

सम्राटाला लिहून झालं, आता मगरींना! जबरदस्त माणूस.

घाटवाट

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण ताइचुंग-वेइ चंगची गोष्ट धाग्यात अर्धीच आली आहे.

६४३ मध्ये वेइ चंग गेला तेव्हा ताइचुंग म्हणाला, 'तांब्याच्या आरशात पोशाख नीट करता येतो, इतिहासाच्या आरशात राज्यांचा उदयास्त दिसतो, माणसाच्या आरशात आपल्या चुका दिसतात. माझा एक आरसा गेला.' समाधीवरचा लेख त्याने स्वतः रचला. मग कळलं की वेइ चंगने शिफारस केलेला एक माणूस बंडात सापडला आणि वेइ चंगने आपल्या सगळ्या सल्ल्यांच्या प्रती दरबारी इतिहासकाराला दाखवल्या होत्या. ताइचुंग पेटला. राजकन्येचं वेइ चंगच्या मुलाशी ठरलेलं लग्न मोडलं, समाधीशिला पाडून टाकली.

६४५ मध्ये त्याने कोरियाच्या गोगुर्यो राज्यावर स्वारी केली. थंडी आणि रसद यांनी मार खाऊन परतताना म्हणाला, 'वेइ चंग असता तर त्याने मला जाऊ दिलं नसतं.' शिला पुन्हा उभी करवली.

त्याच ६४५ मध्ये, स्वारीच्या तयारीत असताना, लोयांगला त्याला भेटला भारतातून परतलेला ह्युएन त्सांग. तोच, ज्याने पुलकेशीच्या महाराष्ट्राचं वर्णन लिहून ठेवलं: इथली माणसं उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत आणि सूड घ्यायचा तरी आधी शत्रूला सूचना देतात. ताइचुंगने त्यालाही स्वारीवर चल म्हटलं. त्याने नकार दिला. तो नकार मात्र सम्राटाने निमूट मान्य केला.

माळरान (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. घाटवाट, उत्तरार्ध तुमच्याकडून ऐकायला मिळाला, बरं झालं.

आता वेइ चंगचं स्वतःचं म्हणणं मांडतो. त्याच्यावर नातलगांना झुकतं माप दिल्याचा आळ आला, चौकशीत तो खोटा ठरला. पण 'जरा दिसण्याचाही विचार करत जा' असा निरोप सम्राटाने धाडला. वेइ चंग भेटून म्हणाला, राजा आणि मंत्री एकजीव असावेत, दिखाव्यापुरतं वागू लागलो तर राज्य बुडेल. आणि एक मागणं मागितलं: मला चांगला मंत्री होऊ द्या, हुतात्मा मंत्री होऊ देऊ नका. चांगल्या मंत्र्याला कीर्ती मिळते, त्याच्या राजालाही मिळते, दोघांचे वंश नांदतात. बी कानसारख्याला मात्र मरण येतं, राजाच्या माथी कलंक लागतो, राज्य लयाला जातं आणि मागे एका माणसाचं नाव उरतं.

म्हणजे बी कान व्हायची त्याची तयारी होती, हौस नव्हती. निशिगंधच्या प्रश्नाचंही काहीसं उत्तर यात आहे. हे समजून बोलणारा माणूस म्हणून मी अजूनही वेइ चंगलाच मोठा म्हणेन.

चिंतामणी_

माळरान, पण हे मागणं त्याने मागितलं कोणाकडे? ताइचुंगकडेच ना? १५२४ मध्ये मिंग सम्राटाच्या दारात दोनशेहून अधिक अधिकारी गुडघे टेकून रडत बसले होते. पदं होती, माणसं होती, धैर्य होतं. सम्राटाने फटके मारवले आणि सोळा-सतरा जण मेले. उलट सुंग काळात बाओ चंग हा अधिकारी सम्राटाच्या लाडक्या राणीच्या चुलत्याला पद देण्याविरुद्ध इतक्या आवेशाने बोलला की थुंकी सम्राट रनचुंगच्या तोंडावर उडाली. रनचुंगने राग गिळला, आत जाऊन राणीला बोल लावले आणि ते पद दिलं नाही.

माझं मत रनचुंगला. :)